नत्थुजीचं इंग्रजी

अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच साली बाळापूरच्या नत्थुजीला इंग्रजी फुटलं. अकोल्याच्या बाजारात कापूस घेणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या कारकुनाकडून त्यानं तीन बोल उचलले होते: ‘येस सर’, ‘व्हेरी गुड सर’, ‘थँक्यू सर’. ‘नो’ कारकुनानं शिकवलाच नाही. कापूस विकणाऱ्याला तो कशाला लागतो? एवढ्या भांडवलावर हा गडी मिशीला पीळ देत गावभर हिंडायचा.

त्यांच्या घरची एक रीत होती. पहिल्या वेचणीच्या कापसात शेतात पांडव म्हणून मांडलेल्या पाच शेंदरी दगडांपैकी एक ठेवून पुजायचा आणि गाडी जुंपण्याआधी काढून घ्यायचा. यंदा भावाच्या घाईत धाकटा भाऊ सूर्यभान तो काढायला विसरला.

अकोल्यात वजनाच्या वेळी साहेबानं कापसाचा बोजा फाडला आणि दगड धपकन त्याच्या बुटावर पडला. वजन वाढवायला दगडमाती मिसळणारे लबाड तेव्हा होतेच. साहेबानं चाबूक उचलला. पहिल्याच फटक्यात बोज्याजवळ उभ्या सूर्यभानचा कान फाटला.

“दादा, त्याले सांग न, देवाचा दगड हाये म्हणून.”

कारकून जेवायला गेला होता. सगळा बाजार नत्थुजीकडे पाहू लागला. साहेबानं त्याला गुरकावून काही विचारलं. ‘हा मुद्दाम दगड भरतो काय?’ असं ते होतं, हे कारकुनानं मागाहून सांगितलं. नत्थुजीला एक अक्षर कळलं नाही, आणि कळलं नाही हे चारचौघांत दाखवायची त्याला लाज वाटली. आग लागो त्या लाजेला.

“येस सर,” तो वाकून म्हणाला.

चाबूक पुन्हा सूर्यभानवर पडला. गोड बोलल्यानं साहेब निवेल, म्हणून तो घाईघाईनं म्हणाला, “व्हेरी गुड सर.” मग साहेबानं हात आखडला नाही. पाठीची सालटी निघाली, पांढऱ्या कापसावर रक्त उडालं, आणि एका फटक्याचं टोक सूर्यभानच्या डाव्या डोळ्यात गेलं. तो खाली पडून तडफडू लागला, तेव्हाच साहेब थांबला.

परतीच्या वाटेवर सूर्यभान रिकाम्या गाडीत पालथा पडला होता. डोळ्यावर बांधलेलं धोतराचं फडकं लाल झालं होतं. नत्थुजी बैल हाकत होता.

“दादा, तू साहेबाले काय सांगतलं?”

नत्थुजीनं बैलाची शेपटी पिळली. “सोड मनलं. माहा भाऊ हाये, मनलं.”

“म्हणूनच सोडलं त्यानं. नाही तं मेलोच असतो.” सूर्यभान कण्हला, मग हळूच म्हणाला, “माह्या पोराले बी शिकवजो इंग्रजी.”

नत्थुजी हो म्हणाला.