हजार कोटी विहिरींचा मालक

मित्रांनो, मी सांगणार आहे त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. लावा पैज. मी एक जुना साचा आहे. नखाएवढा, पिवळसर, कोपऱ्यावर तिळाएवढा खड्डा पडलेला. आणि माझ्या अंगावर हजार कोटी विहिरी आहेत. जगातल्या प्रत्येक माणसाला एकेक वाटली, तरी माझ्याकडे उरतील.

"गप रे," आसिम म्हणाला. घाटंजीच्या शाळेतली ही मुलं आज यवतमाळला आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा पाहायला आली आहेत. आसिमनं माझी काचेची बशी खिडकीपाशी धरली. "एकबी दिसून नाही राह्यली."

दिसायच्या नाहीतच. तुझ्या एका केसाच्या जाडीत माझ्या पाच-सहाशे विहिरी ओळीनं बसतात.

मी आज एवढा बडबडतो आहे, त्याला कारण आहे. सकाळी आमच्या प्रयोगशाळेच्या दीपा मॅडम मुलांना म्हणाल्या, "चांदीच्या तारा कशा होतात ते दाखवलं असतं, पण कोरा साचा एकही उरला नाही." आणि मग रहेमानचाचांना म्हणाल्या, "हे कपाट आज रिकामं करा. कामाचं नसेल ते टाकून द्या." रहेमानचाचा म्हणजे प्रयोगशाळेतले मदतनीस. त्यांनी मला डबीतून काचेच्या बशीत काढलं आणि बशी कचऱ्याच्या टोपलीशेजारी ठेवली. तेव्हा मित्रांनो, मी किती कामाचा होतो ते आता तुम्हीच ऐका.

जन्मानं मी ॲल्युमिनियमचा पत्रा, पण ऐरागैरा नव्हे. चहाच्या गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, ॲल्युमिनियम माझ्यापुढे अगदी मळकं. मॅडमनं मला भट्टीत भाजून मऊ केलं, आरशासारखं चकचकीत केलं आणि चिमट्यात धरून ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये टांगलं. वीज सुरू झाली. धातूच्या वरच्या अंगाचा हळूहळू ऑक्साइड होत गेला आणि त्या थरात विहिरी खणल्या जाऊ लागल्या. पहिल्या खेपेच्या सगळ्या वेड्यावाकड्या. मॅडमनं तो अख्खा थर विरघळवून टाकला. मी म्हटलं, गेली मेहनत. पण तळाशी खळग्यांची नक्षी उरली होती, पेरणीआधी वावरात उभ्या-आडव्या रेघांची चौफुली पाडून ठेवावी तशी. फुलीवर कपाशीची सरकी टोबतात ना, तशीच दुसऱ्या खेपेला प्रत्येक खळग्यातून एकेक विहीर सरळ खाली गेली. पोळं बांधणाऱ्या माश्या पाहून लाजल्या. वणीच्या खाणीतले इंजिनीयर म्हणे माझ्याकडे शिकायला येणार होते. बरं, नसतील येणार.

हे सगळं भर उन्हाळ्यातलं. ॲसिड तापलं की थर जळतो, म्हणून भांड्याभोवती बर्फ लागतो. रहेमानचाचांच्या घरची कुल्फीची गाडी. ते म्हणाले, "मॅडम, नुसत्या बर्फानं काय व्हते? खडे मीठ टाका. आमची कुल्फी अशीच जमते."

टाकलं. मला अशी हुडहुडी भरली की चिमटा खडखडला. चाचा खुशीत येऊन पळीनं बर्फ हलवू लागले, आणि खाऱ्या पाण्याचा एक शिंतोडा आत ॲसिडमध्ये पडला. मीठ आम्हाला मानवत नाही. कोपऱ्यात खड्डा पडला तो तेव्हाच.

मॅडमनं मला भिंगाखाली धरलं. "चाचा," त्या म्हणाल्या, "कुल्फी मस्त जमली."

चाचांनी त्या दिवशी दुपारचा डबा उघडला नाही.

माझ्यानंतरचे भाऊ मात्र बिनडागी निघाले. एका डबीत आम्ही दाटीनं राहायचो. झाकण उघडलं की एकमेकांवर आपटायचो, भांडायचोही. मग मॅडम एकेकाला न्यायच्या, त्याच्या विहिरींत चांदी भरायच्या आणि त्याला कॉस्टिक सोड्याच्या वाटीत सोडायच्या. जो गेला तो डबीत परत आला नाही. डबी हलवली की आधी खुळखुळा वाजायचा. पुढे पुढे एकट्याचाच टक टक आवाज येऊ लागला. रात्र कोणती आणि दिवस कोणता, ते झाकणाखाली कळत नाही. मी विहिरी मोजत बसायचो. मोजता मोजता चुकायचो, पुन्हा पहिलीपासून.

"मंग तुह्यात चांदी भरली काय?" आसिमनं विचारलं.

म्हणजे काय. सगळ्यात आधी माझ्यातच. खड्डा असला म्हणून काय झालं, बाकी अंग धडधाकट होतं. माझ्यातून चांदीच्या तारा निघाल्या, कोळ्याचं जाळं दोरखंडासारखं वाटावं इतक्या बारीक. मॅडम म्हणाल्या, असा साचा पुन्हा होणे नाही. होळीला गाठ्या करतात तो साचा पाहिला ना? पाक ओतायचा, गाठ्या काढायच्या, साचा धुऊन फडताळात ठेवायचा. तसाच मी. काम केलं आणि आरामाला बसलो. तेव्हा मित्रांनो, मला टोपलीत टाकू नका. पापडाहून ठिसूळ आहे, बोटानं दाबू नका. ज्यानं आपलं काम चोख केलं, त्याला म्हातारपणी काचेच्या कपाटात एक कोपरा द्यावा. एवढंच मागणं आहे.

आसिमनं मान डोलावली. त्याचा हजार कोटी विहिरींवर विश्वास बसला होता, लाजलेल्या माश्यांवरही.

त्याच्यामागं त्याच्या वर्गातली समीक्षा उभी होती. तिनं बशी आपल्या हातात घेतली आणि डोळ्यांजवळ आणली.

"कायले खोटं बोलून राह्यला?" ती म्हणाली. "गाठीचा साचा लाकडाचा राह्यते. तुही गोष्ट येगळी. तारा मोकळ्या कराच्या तं साचाच विरघळवा लागते, मॅडमनं आत्ताच सांगतलं. तुह्यातून तारा काढल्या असत्या, तं तू बोलाले उरला असता काय?"



तिनं बशीवर दुसरा हात आडवा धरला, वारा लागू नये तसा, आणि वळून हाक मारली, "मॅडम, हा तं कोराच आहे."