जीवनच्या हातचा कूलर

इंजिन जाम होऊन मेलं, की त्याचा ऑइल कूलर दुसऱ्या इंजिनाला लावायचा नाही. फुटलेल्या बेअरिंगचा चुरा त्याच्या बारीक नळ्यांत दडून बसतो, कितीही धुवा, पुरता निघत नाही. अकोल्याच्या सत्तार मिस्त्रीनं हाताखालच्या प्रत्येकाला हे शिव्या देऊन शिकवलं होतं. आणि आज तोच असा कूलर मांडीवर घेऊन बसला होता. काय म्हणावं या माणसाला!

गाडी जीवनची, म्हणजे सत्तारच्या सगळ्यात गुणी शागिर्दाची. लाल, दोन सीटची, पन्नास वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार. तिला वऱ्हाडातलं ऊन सोसेना म्हणून जीवननं स्वतः पत्रा कापून हा कूलर बसवला होता. पुढे इंजिन जाम झालं. त्यानं वर्षभर खपून दुसरं मिळवलं, आणि ते बसवायच्या आधीच काविळीनं गेला. आता त्याच्या वडिलांना, फुलवाल्या भगवंतरावांना, एकच हवं होतं: पोराची गाडी एकदा चालवत अमरावतीला सुनेच्या दारात उभी करायची.

"काका, कूलर नवा टाकू," सत्तार म्हणाला.

"काहून? माह्या पोराच्या हातचं एवढंच तर राह्यलं तिच्यात. हे नको काढू बाप्पा."

सत्तारनं कूलर चारदा पेट्रोलनं धुतला, हवा मारली, मनाची समजूत घातली आणि जीवननं मिळवलेल्या इंजिनाला तोच बसवला.

रविवारी सकाळी दोघं निघाले. भगवंतराव स्टिअरिंगवर चक्क गुणगुणत होते. मूर्तिजापूर मागे पडलं आणि ऑइलच्या दाबाचा काटा धाडकन खाली आला. "बंद करा, काका!" सत्तार ओरडला. तोवर इंजिन ठकठक करून जागीच थांबलं.

सत्तारनं ऑइल मोजायची कांडी काढून बोटावर पुसली. बोट चुऱ्यानं चमकलं. असं इंजिन आता कुठून आणणार?

"सत्तार, खरं सांग," भगवंतरावांनी विचारलं, "जीवनच्या कूलरनंच घात केला काय?"

सत्तारनं बोट पँटला पुसलं. "नाही काका. पाइपाचा नट मीच ढिला ठेवला. माही चूक."

म्हाताऱ्यानं सत्तारकडे पाठ फिरवली.

"माह्या जीवनच्या हातून असं झालं नसतं."

"नसतं झालं."

"जाय तू. पुन्हा हात नको लावू तिले."

सत्तार एसटीच्या थांब्याकडे चालू लागला. तिथवर पोचेपर्यंतही त्याला रडू आवरलं नाही.