बॅटरी भरपूर होती

मित्रांनो, मी ग्रामपंचायतीचा एक जुना रेडिओ आहे. आता कपाटात पडून असतो आणि मधूनच झोपेत खरखरतो. झोपेत मला अजून पिंपळगाव राजाच्या अलीकडचं आमचं गाव दिसतं, कपाशीवरून येणारा वारा लागतो.

१९६७ साल होतं. व्हिएतनाममध्ये लढाई चालू होती. ज्या बड्या देशाने तिथल्या सरकारला फौज दिली, त्याच्याच कायदेमंडळातले सभासद आपल्या नेत्यांना विचारत होते, आपल्या मित्राकडची निवडणूक खरी होणार का? ही बातमी लागली की सरपंच हिंमतराव माझा कान पिरगळून मला गप्प करत.

कारण आमच्याकडेही लढाईच होती. खालच्या गावाने पाण्यासाठी नाल्यावरचा बांध फोडू नये म्हणून रोज दहा माणसं राखणीला बसत. त्यातली पाच शेजारच्या वाडीची. वाडीचे सरपंच इंद्रभान आमचे दोस्त. त्यांना आपली निवडणूक बिनविरोध हवी होती, म्हणून भाजी पिकवणाऱ्या गोजरबाईला ते उमेदवारी अर्ज भरू देत नव्हते.

"काऊन बंद केला?" पंच सुभद्राबाईंनी विचारलं.

"बॅटरी जपून राह्यलो."

"भजनाच्या टायमाले नाही जपत तुम्ही."

पंचायतीच्या बैठकीत सगळे पंच एक झाले. त्यांच्यातले शंकरराव म्हणाले, "गोजरबाईले अर्ज भरू द्या म्हना त्यायले. नाहीतं आमच्या घरची मानसं बांधावर येनार नाहीत."

"अन् इंद्रभान रुसला तं?" हिंमतराव म्हणाले. त्यांची स्थिती इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी अर्जाची मुदत संपणार होती. आदल्या संध्याकाळी हिंमतरावांनी मला बैलगाडीत घातलं. वाटेत ज्वारी सळसळत होती आणि मी जणू तरंगत चाललो होतो. वाडीच्या पारावर सगळे जमले. हिंमतरावांनी स्वतःच्या हाताने मला सुरू केलं आणि तीच व्हिएतनामच्या निवडणुकीची बातमी पूर्ण वाजू दिली.

"बंद करा तो डबा," इंद्रभान म्हणाले.

"बॅटरी भरपूर आहे," हिंमतराव म्हणाले. "उद्या तुमची मानसं नाही आली तं मी एकटा बसीन बांधावर. पन बाईले अडवू नका."

इंद्रभानांनी पारावर जमलेल्या आपल्या माणसांकडे पाहिलं; सगळे कान देऊन ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "भरू द्या."

गोजरबाई सात मतांनी पडली. बांधावर मात्र वाडीची पाचही माणसं येत राहिली. निकालाच्या संध्याकाळी गोजरबाई आमच्या पंचायतीत माझ्यासमोर येऊन बसली. "इतकी नावं सांगते हा. माह्यं सांगीन का?"

मी सांगू शकलो नाही. माझ्या बातम्यांत देशोदेशीची नावं येत, वाडीतलं एकही येत नसे. त्याचं मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण नकोशी बातमी लागली म्हणून रेडिओ बंद करू नका. आणि आज कोणी कान लावून ऐकत असेल, तर राहून गेलेली एक बातमी देतो. वाडीच्या निवडणुकीत एक बाई उभी राहिली होती. तिचं नाव गोजरबाई.