पाटी भरली आहे, जीवन!

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. भंडाऱ्याच्या एका कासाराने मला घडवलं. माझी भावंडं गुंड-घागरी होऊन लग्नाच्या आंदणात वाजतगाजत गेली. माझ्या पोटावर मात्र ८४ ठोकून मला जंगलातल्या मँगनीजच्या खाणीवर धाडलं. नशीब, दुसरं काय!

मित्रांनो, माझं काम ऐकायला सोपं आहे. खाणीत उतरणारा मजूर खाणीच्या तोंडाशी टांगलेल्या खिळ्यांच्या पाटीवरचा आपला बिल्ला खिशात घालतो आणि वर आला की परत खिळ्याला अडकवतो. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत. पाटी भरली की तीन भोंगे होतात आणि खाली सुरुंग उडतात. पंधरा वर्षं झाली, मी मंगरूभाऊचा बिल्ला आहे. रोज तो मला बाहीला पुसूनच अडकवतो.

पाटीसमोरच्या खिडकीत जीवन बसायचा, नाकाडोंगरीचा. बिल्ले मोजायचे आणि फोनवर 'सारे वर आले' असं सांगायचं, ही त्याची नोकरी. गेल्या वर्षी त्याची मोजणी बिघडली. चुकली नाही हो, एकदाही चुकली नाही! थांबेनाशी झाली. आमच्या पाळीचे सेहेचाळीस बिल्ले एकदा डोळ्यांनी, मग बोटाने शिवून, मग उलटीकडून. त्याच्या बोटांनी माझ्यावरचा आठाचा आकडा पार गुळगुळीत झाला. मला वाटायचं, काय जीव आहे याचा माझ्यावर! खोटं कशाला बोलू, मी फुशारलो होतो.

मजूर हसायचे. "जीवन, आमी जिते आहो का मेलो, सांग ना बे!" साहेबांनी एक दिवस दमच भरला, "एकदाच मोजायचं. नाहीतर घरी बस."

त्याच दुपारी जीवनने एकदाच मोजलं. फोनवर 'सारे वर आले' म्हणाला आणि फोन ठेवला. मग त्याला दरदरून घाम फुटला. कोणीतरी आत राहिलं, आपल्या हातून मरणार, हे त्याच्या डोक्यातून जाईना. पाटीला हात लावायची तर बंदी! त्याने बॅटरी उचलली आणि सरळ खाणीचा उतार धरला.

मित्रांनो, आम्ही सेहेचाळीसही बिल्ले जागेवर होतो. पाटी भरलेली होती. पण खिडकीवाल्याला बिल्लाच नसतो! तो आत गेला हे कोणत्याच खिळ्यावर दिसत नव्हतं. पहिला भोंगा झाला. मी पाहत होतो, मला ठाऊक होतं, आणि पितळेला तोंड नाही. असा भ्यालो होतो!

तेवढ्यात मंगरूभाऊ खिडकीशी आला, तंबाखू-सुपारीचा खर्रा मागायला. "जीवन? अरे, कुठं गेला हा?" खुर्ची रिकामी, बॅटरी गायब. दुसरा भोंगा झाला. "अरे बाप्पा!" मंगरूभाऊ धावत सुटला, "थांबवा! भोंगा बंद करा! जीवन आत गेला!"

तिसरा भोंगा झाला नाही. जीवनला वर आणलं तेव्हा 'कोणी आहे का जी?' असं ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. मंगरूभाऊने त्याच्या थोबाडीत दिली आणि मग त्यालाच पोटाशी धरून रडला.

कोणी म्हणे भूत लागलं, कोणी म्हणे नाटक करते. त्याची बायको रीना त्याला भंडाऱ्याला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. चार महिन्यांनी तो कामावर परतला, तेव्हा मंगरूभाऊने माझ्यासमोरच विचारलं, "काय म्हणते डॉक्टर?"

"मंत्रचळ म्हणते जी. ओसीडी. मेंदूत एक भाग धोका दिसला का ओरडते. दुसरा म्हणते, झालं, पाहिलं, चाल पुढं. माह्या डोक्यात पहिला ओरडूनच राहिला, दुसऱ्याचं काही चालत नाही."

"काहून असं?"

"निरोप नेणारं रसायन असते, सेरोटोनिन. त्याचा काही घोटाळा असंल म्हणते. सारं त्यायलेही अजून कळलं नाही. रक्तातूनही येते. माहा मामा नाही का, चूल विझली का पाहाले वावरातून सात खेपा घरी ये? आपण त्याले येडा म्हणत होतो."

मंगरूभाऊने मान खाली घातली. हसणाऱ्यांत तोही होता.

साहेबांनी आता खिडकीत रुचिता नावाची दुसरी कारकून दिली आहे आणि जीवनलाही बिल्ला दिला आहे. गोळ्या चालू आहेत. शिवाय डॉक्टरांनी सांगितलंय, एकदा मोजायचं, मग भीती आली तर येऊ द्यायची, पण पुन्हा मोजायचं नाही. परवा त्याने रुचिताच्या आणि आपल्या वतीने पहिल्यांदा फोन केला. "सारे वर आले." लगेच त्याचा हात माझ्याकडे आला. बोटं माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. मोज रे बाबा एकदा, असं मलाच वाटलं! पण हात मागे गेला. तिसरा भोंगा झाला, जमीन हादरली, आम्ही सगळे खिळ्यांवर खणखणलो. कोणी दगावलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी दाराची कडी दहादा ओढून पाहत असेल, हात धुऊन धुऊन सोलून घेत असेल, तर हसू नका, दम देऊ नका. तो आतून केवढा भ्यालाय ते विचारा आणि डॉक्टरकडे न्या. आम्ही वर्षभर विचारलं नाही.

परवा त्या सुरुंगानंतरही जीवन पाटीकडेच पाहत होता. "मंगरूभाऊ, उद्याही असंच भेव लागंल का जी?"

"लागंल तर लागंल," मंगरूभाऊ त्याच्या शेजारी स्टूल ओढत म्हणाला, "मी येऊन बसतो ना."