माझ्या खाचांतला गहू

मी घरघंटी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी राहून धान्य दळते ती. मी सुरू झाले की घरातली माणसं एकमेकांशी ओरडून बोलतात आणि फोनवर "थांब जरा, दळण चाललंय" म्हणतात. आत्ता मी बंद आहे, तेवढ्यात माझं ऐकून घ्या. एका दुपारची हकिगत सांगायची आहे.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. लाकडाची पेटी, वर धान्य ओतायचं तोंड, खाली पिठाचा डबा, मागे मोटर आणि पोटात एकावर एक ठेवलेले दोन दगड. त्या दगडांवर एका म्हाताऱ्या कारागिराने छिन्नीने खाचा पाडल्या. मोठा चिडका माणूस. खाच वाकडी गेली की स्वतःलाच शिव्या द्यायचा. पण हात असा बसलेला, की माझ्यातून पडलेलं पीठ बोटांत धरलं तर रेशमासारखं लागायचं. दाणा वरून येतो, खाचांमधून कडेकडेने फिरतो आणि पीठ होऊन खाली पडतो. सगळा मात्र पडत नाही. चिमूटभर पीठ खाचांत अडकून राहतंच, आणि दगड म्हटला की ते कितीही झटकलं तरी पुरतं निघत नाही.

मला घरी आणलं ते शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. त्याला मी बाबा म्हणते, कारण त्याची मुलगी म्हणते. मुलीचं घरातलं नाव कणी. तांदळाची कणी असते ना, तेवढीशीच होती ती. सहाव्या वर्षी तिला चार वर्षांच्या मुलीचे कपडे यायचे. खाल्लेलं अंगी लागायचं नाही, पोट फुगायचं, रात्रंदिवस रडायची. वर्षभर डॉक्टरांचे उंबरे झिजवल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी निदान केलं, की हिला गहू सोसत नाही. घासभर तर नाहीच, कणभरसुद्धा नाही. बाहेरच्या गिरणीत सगळ्यांचा गहू दळतात, म्हणून घरी मी आले. तांदूळ, मका, बाजरी एवढंच माझ्या पोटात जायचं. कणीने स्वतःच्या अक्षरात एक पाटी लिहून माझ्या झाकणावर चिकटवली होती : "गव्हाला सक्त मनाई. हुकमावरून, कणी."

त्या घरात माझा फार लाड झाला. धान्य निवडायचं काम कणीचं. निवडून झालं की ती पीठ पडायच्या जागी तळहात धरायची आणि "गरम गरम" म्हणून हसायची. मध्ये एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाला तिने नकळत बिस्किटाचा एक तुकडा खाल्ला, तर पोर दहा दिवस अंथरुणात होती, त्यातले तीन दिवस दवाखान्यात सलाइन लावून. त्यानंतर बाबा मला दळायच्या आधी आणि नंतर कोरड्या ब्रशने झाडायला लागला. पाणी कधी लावायचा नाही. दगडाला पाणी लावायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. यंत्रं कळणारा माणूस तो.

आता त्या दिवसाचं सांगते. कणीची आई शाळेत शिकवते. ती तीन दिवस प्रशिक्षणाला परगावी गेली, म्हणून बाबाची मोठी बहीण मदतीला आली. कणीची आत्या. तोंडात तीळ भिजणार नाही अशी बाई, एकटी असली तर भांड्यांशी बोलेल. पण जीव लावणारी. भावाला तिने लहानपणी कडेवर घेऊन वाढवलं होतं, आणि आता हा भाऊ तीन वर्षं घरात गव्हाचा पाव खात नाही, दुकानाच्या पायरीवर उभा राहून खातो, याचं तिला फार वाईट वाटायचं.

सकाळी अकराला बाबा दुकानात, कणी शाळेत. आत्याने पिशवीतून किलोभर गहू काढला.

"ताजं दळून घेते आणि पीठ घट्ट बांधून माझ्या घरी नेते," ती स्वतःशीच, म्हणजे माझ्याशी, बोलत होती. "पाव तिकडेच भाजीन आणि त्याच्या दुकानात पाठवीन. इथे कण सांडणार नाही. पोरीला कशाला त्रास होतोय?"

पाटी तिने वाचली. "आली मोठी हुकूम काढणारी," असं म्हणून कौतुकाने हसली आणि झाकण उघडलं.

मी काय करणार होते? मला बटण दाबलं की फिरावं लागतं. आयुष्यात पहिल्यांदा गहू माझ्या पोटात गेला आणि माझ्या सगळ्या खाचा त्याने भरल्या.

आत्या निष्काळजी नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. तिच्या माहेरच्या गिरणीत गिरणीवाला एक धान्य संपलं की दुसऱ्या धान्याच्या दोन मुठी टाकून दळायचा आणि ते पीठ बाजूला काढायचा. झाली चक्की स्वच्छ. तिने दोन मुठी तांदूळ टाकले, वर आणखी दोन टाकले, आणि ते पीठ बांधून बाहेर टाकलं. डबा धुतला, ओटा पुसला, फरशी पुसली. एवढ्यावर थांबली असती तरी पुरे होतं. पण तिचं समाधान होईना. तिने माझं पोट उघडलं आणि ओल्या फडक्याने माझे दगडसुद्धा पुसले.

ओलं फडकं! खाचांतल्या गव्हाच्या पिठाचा चिकट लगदा झाला आणि तो दगडाला धरून बसला.

चार वाजता बाबा कणीला घेऊन आला. आत्या भाजी आणायला खाली गेली होती. कणीला भूक लागली होती, म्हणून बाबाने तांदूळ घेतले, ब्रशने वरवर झाडलं आणि मला सुरू केलं. मी अडखळले. दगड जड फिरायला लागले, तापले, आणि मोटर खटकन बंद पडली. मी मुद्दाम बंद पडले असं सांगितलं तर तुम्हाला आवडेल, पण ते माझ्या हातात नाही. लगद्याने दगड जखडले होते, एवढंच. मला मात्र हायसं वाटलं. हा माणूस मशीनच्या आवाजावरून दुखणं ओळखतो, आता मला उघडून बघेल, अशी माझी खात्री होती.

त्याने उघडलं. तेवढ्यात आत्या दारात आली.

"ताई, ही ओली कशी?"

आत्याच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "पुसली मी. धूळ होती."

"अगं, हिला पाणी लावत नाहीत."

"मला काय माहीत? आमच्याकडे कुठे आहे हे यंत्र?"

"नुसती पुसलीस ना? काही दळलं नाहीस?"

"नाही रे बाबा."

एवढी बोलकी बाई, आणि नेमकं खरं तेवढं गिळून बसली. ती दुष्ट नव्हती, घाबरली होती. आपण नीट साफ केलंय, आता उगाच सांगून भावाचं डोकं कशाला फिरवा, असं तिने स्वतःला समजावलं असणार. बाबाचा बहिणीवर विश्वास होता. त्याने पातळ सुरीने खरवडलं, फुंकर मारली, मला पुन्हा सुरू केलं. या वेळी मी फिरले. पांढरंशुभ्र तांदळाचं पीठ खाली पडलं, त्यात माझ्या खाचांतला गहू मिसळलेला. रंगावरून कुणाला कळलं नसतं. नेहमीसारखा कणीने तळहात धरला.

बाबाने पीठ कालवलं, साच्यात ओतलं, साचा ओव्हनमध्ये ठेवला आणि काटा फिरवला. चाळीस मिनिटं.

मी आयुष्यात अनेक तास फिरले असेन, पण त्या चाळीस मिनिटांएवढा वेळ मला कधी लांब वाटला नाही. ओव्हन टिकटिक करत होता. कणी टेबलाशी बसून गणितं सोडवत होती आणि दर थोड्या वेळाने "झाला?" विचारत होती. आत्या भाजी चिरत होती. मध्येच ती उठून माझ्यापाशी आली, झाकण उघडलं, बोटाने दगड चाचपला. बोटाला चिकट कण लागला. तिने तो दोन बोटांत दाबून ओढला, तर त्याची तार निघाली. तांदळाच्या पिठाची तार निघत नाही, हे चाळीस वर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

"काय झालं गं?" बाबाने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि बोट पदराला पुसलं.

बोल ना बाई, बोल! माझी नुसती तगमग होत होती. आता तुला माहीत आहे, मग कसली वाट बघतेस?

घंटी वाजली. बाबाने पाव काढला, जरा निवू दिला, कापला. वाफ निघाली. कणीने बशी ओढली. मग काय वाटलं कोण जाणे, तिने आपल्या तुकड्याचा अर्धा भाग मोडून आत्यापुढे धरला.

"आत्या, तू आज सगळं घर पुसलंस ना? हा तुला." आणि उरलेला अर्धा तोंडाकडे नेला.

आत्याने तिच्या हातावर फटका मारला. तुकडा फरशीवर पडला. बशी गेली, फुटली. कणी दचकली आणि भोकाड पसरून रडायला लागली. बाबा ओरडला, "ताई, वेड लागलं का तुला?"

"गहू दळलाय मी त्यात!" आत्या त्याच्याहून मोठ्याने ओरडली. "सकाळी. तुझ्यासाठी. मघाशी खोटं बोलले." आणि मटकन खाली बसली.

बाबाने आधी कणीचं तोंड उघडून बघितलं, तिचे हात कोपरापर्यंत धुतले, कपडे बदलले. मग पाव, उरलेलं पीठ, ब्रश, सगळं पिशवीत भरून बाहेर नेऊन टाकलं. परत आला तेव्हा आत्या तिथेच बसलेली होती.

"मारलंस ते बरं केलंस," तो म्हणाला. "पण मी विचारलं होतं तुला, ताई. तेव्हाच सांगायचं होतंस."

"तू रागावशील म्हणून..."

"रागावलो असतो. मग काय झालं असतं?"

रडून थकलेली कणी आत्याच्या मांडीवर जाऊन बसायला निघाली, तर आत्याच मागे सरकली. "थांब, माझ्या पदराला लागलंय," म्हणाली. साडी बदलून आली आणि मग पोरीला जवळ घेतलं.

दोन दिवसांनी कणीची आई परतली. तिने सगळं ऐकलं, माझ्या दगडांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "दगड आहे, धुऊन निघायचा नाही. ही आता इथे नको." तिचं बरोबर होतं. मला वाईट वाटलं, फार वाटलं, पण तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पाटी कणीने स्वतः काढली आणि नव्या घरघंटीसाठी जपून ठेवली. मला आत्याच्या घरी पाठवलं.

आता मी इथे गहू दळते, बेलाशक. आत्या माझ्याशी तासन्‌तास बोलते. भाऊ येतो, ताजा पाव खातो, जाताना तोंड-हात धुतो. दोघांचं भांडण कधीच मिटलं. आत्याचं स्वतःशी मात्र पुरतं मिटलेलं नाही. अजून अधूनमधून दळता दळता थांबते आणि म्हणते, "खाल्ला असता गं तिने."

कणी रविवारी येते. आता तिला तिच्याच वयाचे कपडे येतात. ती यायच्या आदल्या दिवसापासून इथे दळण होत नाही. आत्या घर पुसते, पडदे झटकते, माझ्यावर जाड चादर टाकून कडा खाली खोचते. कणी उंबऱ्यावरूनच मला हात करते. पूर्वीसारखं जवळ येऊन पिठाखाली हात धरायला तिला फार आवडेल, हे मला माहीत आहे. मलाही आवडेल.

तुमच्याकडे एक मागणं आहे. दुसऱ्याच्या घरात दळायला बसलात तर आधी विचारा, आणि चूक झाली तर लगेच सांगा, पाव ओव्हनमध्ये जायच्या आधी. आज रविवार आहे. जिन्यात तिची पावलं वाजतायत. ती घरात आहे तोवर कुणी माझ्या बटणाला हात लावू नका.