पक्षकार क्रमांक दोन

कोर्टाच्या पायऱ्यांशेजारी टाइपरायटर मांडून बसणाऱ्या दस्तलेखकाला सगळे कलमकाका म्हणत. बायकोशी भांडतानाही तो मुद्द्यांना क्रमांक देई, त्यावरून हे नाव पडलं होतं. तीस वर्षांत आपला एकही दस्त परत आला नाही, हे तो कुणी न विचारता सांगायचा. आज मात्र दुपारपर्यंत त्याने तीन कागद फाडले. पहिल्यात भाडेकरूला घरमालक करून टाकलं, दुसऱ्यात मयत माणसाला साक्षीला उभं केलं आणि तिसऱ्यात गिऱ्हाइकाच्या नावाऐवजी स्वतःच्या लेकीचं नाव टाइप केलं.

"काका, तब्येत बरी नाही का?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"तब्येतीला काय धाड भरलीय," तो खेकसला आणि मशीनवर झाकण घातलं.

लेक संध्याकाळी सहाच्या बसने निघणार होती. दूरच्या बंदरावर, जहाजांचे नकाशे काढायच्या नोकरीवर. बावीस वर्षांची झाली होती. बापाने अभिमानाने गल्लीभर मिरवायला हवं होतं, आणि हा आठ दिवस जेवणाच्या ताटावरून अर्धपोटी उठत होता.

कारण असं, की ही लेक त्याने कधीच लिहून दिली होती.

ती नऊ वर्षांची असताना ताप तिच्या मेंदूत गेला. डॉक्टरांनी हात टेकले. इस्पितळाच्या बाकावर बसून कलमकाकाने खिशातल्या कागदावर, जे त्याला येत होतं तेच केलं. पक्षकार क्रमांक एक, स्वतः. पक्षकार क्रमांक दोन, परमेश्वर. मुलगी वाचल्यास ती आजन्म चर्चच्या वृद्धाश्रमात सेवा करील, हे गाव सोडून जाणार नाही. शर्तभंग झाल्यास पक्षकार क्रमांक दोन यांना दिलेलं परत घेण्याचा अधिकार राहील. खाली स्वतःची सही ठोकली आणि शेजारी दुसऱ्या सहीची जागा कोरी सोडली. देव पेन हातात धरणार नाही हे त्यालाही कळत होतं, पण जागा न सोडता करार लिहायची हाताला सवय नव्हती.

तिसऱ्या सकाळी पोरीने डोळे उघडले. कागद घरातल्या मोठ्या बायबलमध्ये गेला. तेव्हापासून रोज सकाळी लेकीच्या कपाळाला हात लावल्याशिवाय तो घराबाहेर पडला नाही. बाराव्या वर्षापासून ती दर शनिवारी आपणहून वृद्धाश्रमात जाऊ लागली, तेव्हा देवाने परस्पर सोय लावली म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला होता. आता मात्र तोच जीव टांगणीला लागला होता. सांगावं तर पोर राहील आणि जन्मभर झुरेल. न सांगावं तर ताप बंदरापर्यंत तिच्या मागे जाईल.

घरी जाऊन त्याने बायबलमधला कागद काढला, घडी न उघडताच खिशात कोंबला आणि थेट चर्चच्या पाळकांचं घर गाठलं. म्हातारे पाळक अंगणात तुटकी खुर्ची विणत बसले होते. कलमकाकाने उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं.

पाळकांनी सुतळी खाली ठेवली. "अब्राहामाला देवाने वचन दिलं ती रात्र आठवते का? जनावरं मधोमध चिरून दोन्ही बाजूंना मांडली होती. त्या काळी करार करणारे त्या तुकड्यांमधून चालत जायचे. म्हणजे काय, तर मी शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो."

"माहीत आहे. दोन्ही पक्षांवर बंधनकारक."

"दोन्ही कुठे? अब्राहाम गाढ झोपला होता. धुमसती शेगडी आणि जळती मशाल, एवढंच काय ते त्या वाटेने गेलं. देव एकटाच चालला. शब्द नंतर माणसांनी मोडला, आणि क्रुसावर चिरला गेला तो देवाचाच मुलगा. प्रभुभोजनात नव्या कराराचा प्याला आपण कशासाठी घेतो, काका?"

"हे कुठल्या कायद्यात बसतं?" कलमकाका चिडलाच. "मोबदला नाही, समोरच्याची सही नाही. हा करारनामा नव्हेच. हे तर बक्षीसपत्र झालं!"

"मग बक्षीसपत्रात घेणाऱ्याने काय करायचं असतं?"

"घ्यायचं. दुसरं काय?"

"तेवढंच तुम्हाला तेरा वर्षांत जमलेलं नाही," पाळक म्हणाले. "बरं, सही घेण्याआधी तुम्ही गिऱ्हाइकाला ते दोन प्रश्न विचारता ना?"

अख्ख्या कोर्टाला ते दोन प्रश्न पाठ होते. देताय ते तुमचंच आहे का? कुणाच्या धाकाखाली तर देत नाही? कलमकाका मटकन पायरीवर बसला. लेक त्याची मालमत्ता नव्हती, आणि त्या बाकावर धाकाशिवाय दुसरं काहीही नव्हतं. दुसऱ्या कुणी असा कागद आणला असता तर त्याने तो तोंडावर फेकला असता.

घरी पोचला तेव्हा पाच वाजले होते. बायको स्वयंपाकघरात डबा भरत होती, लेक पलंगावर बॅगेशेजारी बसली होती. रद्द केल्याचा शेरा मारायला त्याने खिशातला कागद उलगडला आणि तो थबकला. कोऱ्या सोडलेल्या जागेच्या खाली पेन्सिलने, पोरसवदा अक्षरात लिहिलं होतं: मला मान्य आहे. पुढे लेकीची सही.

"हे कधी?" त्याने कागद तिला दाखवला.

लेकीने कागद ओळखला. "बारा वर्षांची होते. चित्रं बघायला बायबल काढलं होतं."

म्हणजे ते शनिवार. ते सगळे शनिवार.

"मग आज कशी निघालीस?"

"निघाले नव्हते, पपा. स्टँडवरून परत येणार होते. आईने एवढ्या हौसेने बॅग भरली, तिला नाही म्हणवेना."

कलमकाका तिच्यासमोर जमिनीवरच बसला. आयुष्यभर गिऱ्हाइकांना विचारलेला प्रश्न त्याने आता लेकीला विचारला. "ही सही कुणाच्या धाकाखाली केलीस?"

तिने बॅगेचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला. मग हळूच म्हणाली, "वाटलं, नाही केली तर ताप परत येईल."

त्याला रडू कोसळलं. स्वतःच्या छातीतली भीती आपण पोरीच्या हातीही दिली, आणि वर देवाची करणी समजून निर्धास्त राहिलो, याची त्याला भयंकर लाज वाटली. त्याने बाहीने डोळे पुसले, कागदावर आडवं 'रद्द' लिहिलं, खाली सही केली आणि पेन तिच्यापुढे धरलं. "बारा वर्षांच्या मुलीची सही चालत नाही. आता बावीसची आहेस. आता कर."

तिने सही केली. मग कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "आणि यांची?"

"त्यांनी असला करार केलाच नव्हता. मी एकट्यानेच लिहिला. त्यांनी तुला नुसतं दिलं होतं."

"कुणाला?"

"आधी मला," तो म्हणाला. "आता तुला. ऊठ, गाडी चुकेल."

स्टँडवर इंजिन सुरू झालं. पाळकांचं सगळं पटूनही कलमकाकाची भीती काही गेली नव्हती. खिडकीतून त्याने तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं. कंडक्टरने घंटा ओढली तेव्हा पुन्हा लावला. बस हलली आणि त्याचा हात तिसऱ्यांदा वर गेला, अर्ध्यावर थांबला. मग त्याने तो मागे घेतला आणि खिशात घातला.