अवतरणातले दोन शब्द

सासऱ्यांनी लाल पेन्सिलीचं टोक पहिल्या पानाच्या मथळ्यावर टेकवलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई, गॅस बंद कर आणि आधी इकडे ये."

ती ओले हात पदराला पुसत आली. जेवायच्या टेबलावर पेपर चादरीसारखा पसरलेला होता. पेन्सिलीखाली ठळक अक्षरांत छापलं होतं : रशियन राजदूतांची धमकी, पश्चिमी देशांना 'बघून घेऊ'.

तिनं ते उभ्यानं दोनदा वाचलं. मग खुर्ची ओढून बसली.

"काल तिथे दुभाषी तूच होतीस ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"मीच."

"मग? म्हणाला तो असं?"

"तो 'पस्मोत्रिम' म्हणाला, बाबा. पस्मोत्रिम म्हणजे बघू. आपल्याकडे दुकानदार, जावई नि सरकार म्हणतं तसं, बघू."

"झालं तर मग!" सासऱ्यांनी टेबलावर अशी थाप मारली की चष्म्याची डबी उडाली. "कधीपासून सांगतोय मी! सगळे विकले गेलेत. 'बघू'चं 'बघून घेऊ' करायला हिंमत लागते, हिंमत! दिवसाढवळ्या!"

सासरे चाळीस वर्षं याच पेपरात मुद्रितशोधक होते. पेपर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका वेचायच्या, हे काम. निवृत्त झाल्यापासून त्यांचा एकाही पेपरवर विश्वास उरला नव्हता आणि पेपर हातात पडल्याशिवाय त्यांची सकाळही होत नव्हती. उरलेला दिवस ते फोनवर व्याख्यानं ऐकत. पश्चिमेची सद्दी कशी संपली, जग पूर्वेकडे कसं कलतंय आणि हे पेपरवाले तुमच्यापासून कसं लपवतात, याची ती व्याख्यानं. "अहो, सूर्य पश्चिमेलाच मावळतो, यांना कुणी सांगितलं नव्हतं का?" हा त्यांचा लाडका विनोद होता. मुलगा नोकरीनिमित्त परगावी होता, त्यामुळे हल्ली तो एकट्या सुनेलाच ऐकावा लागे.

आज मात्र ती हसली नाही. "बाबा, शब्द अवतरणचिन्हात आहेत."

"मग?"

"म्हणजे कुणीतरी ते तोंडचे शब्द म्हणून लिहून घेतलेत. नि तोंड माझं होतं. मीच तसं म्हटलं असेल तर?"

सासऱ्यांनी पेन्सिल खाली ठेवली. दुभाषी काय बोलला ते दुभाष्याला आठवत नसतं, हे त्यांना इतक्या वर्षांत ऐकून माहीत होतं. एका कानानं रशियन आत येतं, तोंडातून आपली भाषा बाहेर पडते आणि मध्ये काही उरत नाही. काल ती सलग आठवा तास बोलत होती. धान्याच्या जहाजांना वाट द्यायची की नाही यावर रशिया आणि पश्चिमी देश यांची चर्चा इथे, तिसऱ्याच्या दारात, चालली होती. शेवटी पत्रकार आत घेतले. पश्चिमेच्या नव्या अटी मानणार का, असं कुणीतरी विचारलं आणि राजदूत त्यावर काहीतरी बोलून उठले. तिनं पर्समधून वही काढून ते पान उघडलं. पानावर तिच्या खुणा होत्या : एक डोळा, अधिकचं चिन्ह, एक डोकं. डोळा म्हणजे बघणं, डोकं म्हणजे विचार. पण राजदूत काय म्हणाले तेवढंच त्या खुणा सांगत होत्या. ती स्वतः काय म्हणाली, ते त्यांना कुठून माहीत असणार?

तेवढ्यात फोन वाजला. परराष्ट्र खात्याच्या साहेबांचा होता. अकरा वाजता वही घेऊन या, एवढंच म्हणाले. नेहमी आधी 'कशा आहात' विचारायचे.

"मी येतो," सासरे म्हणाले.

"तुम्हाला आत सोडणार नाहीत, बाबा."

"बाहेर बसेन. चाळीस वर्षं संपादकांच्या खोलीबाहेरच बसलोय. मला काय नवीन आहे!"

साहेबांच्या खोलीतला पंखा बिघडला होता म्हणून दार सताड उघडं ठेवलेलं होतं. बाहेर बाकावर सासरे बसले आणि आत खुर्चीच्या कडेला ती. समोर साहेब, त्यांच्या शेजारी रशियन वकिलातीचे सचिव. सचिव ही भाषा कुठल्याशा विद्यापीठात पुस्तकांवरून शिकले होते आणि ते ती अजून पुस्तकासारखीच बोलत.

"हा प्रकार अत्यंत शोचनीय आहे," ते म्हणाले.

"सकाळपासून फोन चालू आहेत," साहेब म्हणाले. "पश्चिमवाल्यांचे तीन येऊन गेले. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला असं काही झालं असतं, तर ते न विचारता बॅगा भरून निघाले असते आणि आपण विमानतळापर्यंत मागे धावलो असतो. आता विचारतायत, 'खरंच म्हणाले का हो तसं?' दिवस बदलले, दुसरं काय. पण चार वाजता पुढची बैठक आहे आणि त्याआधी त्यांना उत्तर हवंय." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "बाई, तुमचे शब्द असतील, तर मला दुसऱ्या कुणाला बोलवावं लागेल. फक्त आजच्यापुरतं नाही. कळतंय ना?"

कळत होतं. दुभाष्याचा पाय एकदा घसरला की पुन्हा त्याला त्या पायरीवर कुणी उभं करत नाही. तेवीस वर्षांत तिचा एकदाही घसरला नव्हता. तिनं मान हलवली आणि हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले.

"आमचं स्वतःचं ध्वनिमुद्रण आहे," साहेब म्हणाले. "कालचा माइक यांच्या तोंडासमोरच होता. लावा हो."

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या बाईंनी यंत्र सुरू केलं. आधी राजदूतांचा जाड आवाज आला, मग तिचा स्वतःचा, थकलेला, थोडा घाईतला.

"बघून घेऊ..."

बाईंनी बटण दाबून यंत्र थांबवलं.

स्वच्छ ऐकू आलं होतं. आता नाही कसं म्हणायचं? तिनं वही मिटली.

"माझाच आवाज आहे, साहेब," ती म्हणाली. "मी म्हटलंय तसं."

"पुढे जाऊ द्या की!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. सासरे दारात उभे होते.

"हे कोण?" सचिवांनी विचारलं.

"माझे सासरे. याच पेपरात मुद्रितशोधक होते," ती कशीबशी म्हणाली. "बाबा, अहो, बाहेर बसा ना."

"वाक्य अर्ध्यात थांबवलंय," सासरे साहेबांना म्हणाले. "हवा होता तो शब्द आला की लगेच बटण? वाक्य पूर्ण झाल्याशिवाय खूण करायची नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. पूर्ण लावा. मग मी आपणहून जातो."

साहेब कंटाळले होते, उकाड्यानं घामाघूम झाले होते आणि म्हाताऱ्या माणसाशी वाद घालायची त्यांची इच्छा नव्हती. त्यांनी हातानंच 'लावा' म्हटलं.

सासऱ्यांनी डोळे मिटले. पूर्वी सहकारी मूळ मजकूर वाचून दाखवायचा, तेव्हा ते असेच ऐकत. पुन्हा राजदूत, पुन्हा ती. बघून घेऊ. मग खुर्च्या सरकल्याचा मोठा खरखराट, आणि त्या खरखराटाखाली दबलेला एक शब्द.

"विचारात," सासरे म्हणाले.

"काय?"

"'विचारात' म्हणाली ती शेवटी. ऐका. 'बघून घेऊ विचारात.' असं कुणी बोलतं का? अर्थच लागत नाही." त्यांनी डोळे उघडले आणि एकदम खुदकन हसले. "अहो, 'बघून' नाही ते! 'बघू नि घेऊ विचारात.' बघू, आणि विचारात घेऊ. हिच्या माहेरी 'आणि' कुणी म्हणतच नाही. 'ऊठ नि आंघोळ कर', 'ये नि बस'. लग्न होऊन आली तेव्हापासून ऐकतोय! तो 'नि' इतका घाईत म्हणते की त्याची वेलांटी निम्म्या वेळा हिच्या पोटातच राहते. एक वेलांटी पडली आणि दोन शब्दांमधली जागा गेली, एवढंच झालंय. आमच्याकडे अशा चुका दिवसाला पन्नास सापडायच्या."

तिनं वही पुन्हा उघडली. डोळा, अधिक, डोकं. बघू, नि, विचारात.

"राजदूतांचे शब्द काय होते नेमके?" साहेबांनी सचिवांकडे वळून विचारलं.

"पस्मोत्रिम इ उच्त्योम," सचिव म्हणाले. "अवलोकन करू आणि ध्यानात घेऊ. महोदयाचा अनुवाद अचूक आहे." क्षणभर थांबून त्यांनी दुरुस्ती केली, "महोदयांचा."

"महोदयांचा नाही, महोदयेचा," सासरे पुटपुटले.

तिला ते ऐकूच गेलं नाही. सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता, आणि आता रडू येईल की काय अशी तिला भीती वाटत होती. ती चुकली नव्हती. साहेबांनी स्वतः उठून तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. आज पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "बरं वाटतंय ना?"

"फार बरं वाटतंय," ती म्हणाली, आणि खरंच पाणी प्यायली.

"म्हणजे पेपरनं 'विचारात' मुद्दाम गाळलं," साहेब म्हणाले. त्यांचाही आवाज आता मोकळा झाला होता. "तेच कळवू सगळ्यांना. शब्द तोडून-मोडून छापले म्हणून. ती बातमी देणारी मुलगी नवीनच आहे म्हणतात. तिला काढल्याशिवाय विषय संपणार नाही."

"यथार्थ!" सचिव म्हणाले. "पाश्चात्त्य धनावर पोसलेली प्रसारमाध्यमं. आम्ही हेच सदैव प्रतिपादन करतो."

"काका, तुम्ही तर त्याच पेपरातले ना?" साहेबांनी सासऱ्यांना विचारलं. एव्हाना त्यांना खुर्चीही मिळाली होती. "तुम्ही लिहून द्याल? जुन्या माणसाच्या शब्दाला वजन असतं. मुद्दाम केलं, बरोबर?"

सासऱ्यांचा चेहरा असा उजळला की सून बघतच राहिली. इतकी वर्षं ते जेवताना, बाजारात, शेजाऱ्यांच्या ओट्यावर हेच सांगत आले होते आणि लोक 'हो हो' म्हणून पाय काढता घेत होते. आज सरकारच समोर बसून त्यांच्याकडे ते लेखी मागत होतं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. तिनं नजर खाली घातली. तिची सुटका झाली होती. त्या पोरीचं काय व्हायचं ते होईल, आपण मध्ये पडायचं नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं. नाही असं नाही.

सासऱ्यांनी कागद पुढे ओढला. पेन्सिल तशीच धरून राहिले.

"पुन्हा एकदा लावता?" ते म्हणाले.

"आता कशाला?"

"फक्त शेवट."

बाईंनी लावलं. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. खुर्च्यांचा खरखराट झाला आणि थांबला.

"पत्रकार कुठे बसले होते?" त्यांनी सुनेला विचारलं.

"मागच्या रांगांत. नवीन लोकांना तर दाराशीच उभं करतात."

"माइक हिच्या तोंडासमोर," सासरे सावकाश म्हणाले, "आणि तरीही 'विचारात' ऐकायला मला कान टवकारावे लागले. दाराशी ते पोचलंच नसणार. तिथे ऐकू आलं असेल फक्त 'बघून घेऊ'. खुद्द हिलाही ते 'बघून घेऊ'च ऐकू आलं, मघाशी कबूल करून मोकळी झाली ती." त्यांनी कागद परत साहेबांकडे सरकवला. "त्या मुलीनं ऐकलं तेच लिहिलंय. अवतरणचिन्हंसुद्धा बरोबर त्या दोन शब्दांनाच दिलीत, पलीकडे एक अक्षर नाही. धमकी हा शब्द पेपरच्या कचेरीत कुणीतरी जोडला असेल, पण माझ्या हाताखालून गेलं असतं तरी मी सोडलं असतं. ऐकण्यातली चूक आहे ही. कारस्थान नाही."

"परंतु," सचिव म्हणाले, "आपली तर माध्यमांविषयी भूमिका..."

"माझी भूमिका माझ्या घरी आहे," सासरे म्हणाले. "इथे तुम्ही मला काय ऐकू येतं ते विचारलंत."

साहेबांनी सुस्कारा सोडला, कागद दुमडला आणि बाईंना सांगितलं, "दोन ओळींचा खुलासा करा. ऐकण्यात चूक झाली, पूर्ण वाक्य असं. सगळ्या वकिलातींना पाठवा आणि पेपरलाही. कुणाचं नाव नको." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "चारला या. आणि बाई, कृपा करून आज 'आणि' म्हणा."

ती हसली. सगळेच हसले. सचिवही हसले, थोडे उशिरा, पण मनापासून.

बाहेर ऊन कडक होतं. दोघं पायऱ्या उतरून फाटकापाशी रिक्षाची वाट बघत उभे राहिले. सासरे चष्मा पुसत होते. ते थोडे हिरमुसल्यासारखे दिसत होते आणि तिला त्यांचं काय करावं ते कळत नव्हतं. बाहेरून आणलेलं काही गोड घेऊन घरी जावं, पोटभर जेवावं आणि चारपर्यंत आडवं व्हावं, एवढं हलकं तिला कितीतरी दिवसांनी वाटत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "पूर्ण लावायला सांगितलंत तेव्हा तुम्ही माझ्यासाठी ऐकलंत, ते समजलं. पण शेवटचं कशाला? साहेब अगदी तुमच्या मनातलंच म्हणत होते. जन्मभर तुम्हाला तेच हवं होतं."

सासऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि रस्त्याकडे बघितलं.

"हवं होतं ना," ते म्हणाले. "म्हणून तर पुन्हा ऐकलं."

रिक्षा थांबली, आणि त्यांनी आधी तिला आत बसू दिलं.